शेणखत टाकूनही सेंद्रिय कर्ब का वाढत नाही?

नाशिक जिल्ह्यातल्या येवला, सिन्नर, नांदगाव या पट्ट्यातून शेतकरी विचारतात: "दरवर्षी एकरी दोन ट्रॉली शेणखत टाकतो, तरी माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्याच्या पुढे सरकत नाही. खत वाढवू का? आणि मक्याची धसकटं पेटवली तर काय बिघडतं?"

सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून, शेणखतातून मातीत आलेला कार्बन. आधी हिशेब पाहू. एकराच्या वरच्या १५ सेंमी थरात साधारण ८०० टन माती असते. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर तिच्यात ८०० किलो कर्ब टिकून राहायला हवा. दोन ट्रॉलींतल्या साधारण पाच टन शेणखतात निम्मं पाणीच असतं. उरलेल्यातून ढोबळमानाने सहाशे-सातशे किलो कर्ब मिळतो आणि त्यातलाही बराचसा जिवाणू वर्षभरात खाऊन हवेत सोडतात. त्यामुळे एका हंगामात आकडा हलला नाही म्हणून खत वाया गेलं असं समजू नका. ते चालूच ठेवा, पण आधी गळती थांबवा.

गळती मशागतीत आहे. मका निघाला की कांद्यासाठी रान पिठासारखं करायचं म्हणून रोटाव्हेटरचे दोन-तीन फेरे होतात. मातीच्या कणांच्या गाठींत दडलेला जुना कर्ब त्याने उघडा पडतो. कडक उन्हाळ्यात कोरड्या मातीत जिवाणू निपचित असतात, तेव्हा नुकसान कळत नाही. पण तापलेल्या, बारीक झालेल्या रानावर पहिला पाऊस पडला की ते एकदम जागे होतात आणि मोकळा झालेला कर्ब झपाट्याने फस्त करतात. पाऊस जोराचा असला तर वरची सुपीक माती ओघळीने वाहून जाते ती वेगळीच.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर रानातलं एक आणि कधी न नांगरलेल्या बांधावरचं एक, अशी सुपारीएवढी दोन वाळलेली ढेकळं घ्या आणि पाण्याने भरलेल्या दोन ग्लासांत अलगद सोडा. कर्ब कमी असलेलं ढेकूळ थोड्याच वेळात विरघळून तळाशी चिखल होतो, बांधावरचं बहुधा बराच वेळ आकार धरून राहतं. ज्या रानातलं ढेकूळ लगेच विरतं, तिथे रोटाव्हेटर एकाच फेऱ्यावर आणा. जिथे वखराची पाळी पुरते तिथे तोही नको.

धसकटं पेटवू नका. जाळल्यावर राखेत पालाश (पोटॅश) उरतो, पण कर्ब आणि बहुतेक सगळा नत्र (नायट्रोजन) धुरातून जातो. ताटं चाऱ्याला नेली तरी मुळं आणि धसकटं रानातच राहू द्या. चारा काढला नसेल तर श्रेडरने बारीक करा. दर टन ताटांना ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कंपोस्ट संवर्धक (कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं विरजण) टाकून ओल असतानाच मातीआड करा. युरिया टाळू नका. मक्याच्या ताटात कर्ब भरपूर आणि नत्र फार कमी, म्हणून कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात. त्यावर लगेच कांदा लावला तर रोपं पिवळी पडून बसतात. मध्ये किमान ३० ते ४० दिवस सोडा.

शेणखत कुजलेलंच हवं. उकिरड्यावर उन्हात पडलेल्या ढिगाचा नत्र उडून जातो, आणि कच्चं खत रानात गेलं की मुळं खाणारी हुमणी अळी आणि तणाचं बी सोबत येतं. सावलीत तीन फूट उंच ढीग करा. मुठीत दाबल्यावर बोटांतून एखादा थेंब येईल एवढी ओल ठेवा, महिन्याने पलटी द्या आणि वरून पाचट झाका. तीन-चार महिन्यांनी हात घातला तर गरम लागत नाही, वास येत नाही, शेण ओळखू येत नाही, तेव्हा ते तयार झालं. पसरल्याबरोबर मातीत मिसळा.

ताग-धैंचा गाडून हिरवळीचं खत करणं पाण्याअभावी जमत नसेल तर खरिपात मूग घ्या. शेंगा तोडून हिरवे वेल गाडा, त्याच पावसात पीकही मिळतं आणि खतही. बांधावर जूनमध्ये गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा आणि जम बसल्यावर वर्षातून दोन-तीनदा छाटून पाला सरींत पसरा.

परीक्षणाचा नमुना दरवर्षी त्याच महिन्यात, २० सेंमी खोलीपर्यंत, एकरी आठ-दहा ठिकाणांहून इंग्रजी 'व्ही' आकाराचा खड्डा करून घ्या आणि एकत्र मिसळून अर्धा किलो पाठवा. बांधाजवळची, झाडाखालची किंवा नुकतं खत पडलेली जागा वगळा, नाहीतर कर्ब वाढल्याचा खोटा आकडा येतो.