लघवीला जळजळ होतेय, जोडीदाराला लागण होईल का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: लग्नाला तीन महिने झालेत आणि दुसऱ्यांदा जळजळ सुरू झालीय. सासूबाई म्हणतात उन्हाळी लागलीय, धने-जिऱ्याचं पाणी पी. माझ्यामुळे ह्यांना होईल का?

उत्तर: नाही होणार, आधी ती भीती काढून टाका. नवीन लग्नानंतर हे खूप जणींना होतं. जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय असतो, तो आपल्याच आतड्यातला, आणि बाईची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटरची, त्यामुळे संबंधाच्या वेळी तो सहज आत ढकलला जातो. म्हणजे नवऱ्याने दिला असंही नाही आणि तुम्ही त्याला देणार असंही नाही. धने-जिऱ्याचं पाणी प्या हो, पण त्याने जंतू मरत नाहीत, लघवीची तपासणी आणि कल्चर (लघवीतला जंतू वाढवून ओळखायची टेस्ट) करा. संबंधानंतर लगेच लघवीला जाऊन यायचं. पाळी चुकली असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा. थंडी वाजून ताप आला किंवा कमरेच्या वर पाठीत दुखायला लागलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न: दहा दिवसांपूर्वी बाहेर कंडोमशिवाय संबंध आला. चार दिवसांनी जळजळ आणि पिवळा पू. मेडिकलमधून गोळ्या घेतल्या, आता कमी आहे. मधे बायकोशीही संबंध आलाय. तिला काहीच त्रास नाही, मग सांगायलाच हवं का?

उत्तर: हो, सांगायलाच हवं. हे उन्हाळीचं प्रकरण नाही, चार दिवसांत पू म्हणजे परमा, म्हणजे गनोरिया असण्याची शक्यता मोठी आणि सोबत क्लॅमिडिया, म्हणजे संबंधातूनच पसरणारा दुसरा जंतू, पण असू शकतो. तिला त्रास नाही यावर अजिबात जाऊ नका, कारण बायकांमध्ये हे दोन्ही आजार कित्येकदा काहीच न दाखवता आत वर चढतात, गर्भनलिका खराब करतात आणि मग वर्षानुवर्षं मूल का होत नाही म्हणून तीच बिचारी दवाखाने फिरते. हे मी पाहिलंय म्हणून इतकं कळकळीने लिहितोय. अर्धवट गोळ्यांनी पू थांबतो, जंतू राहतो. दोघांनी एकाच वेळी उपचार घ्या, औषध झाल्यावर 7 दिवस संबंध नाही, कंडोम लावूनसुद्धा नाही. एकट्याने घेतलंत तर ती परत तुम्हाला देणार, हेच चक्र. बाहेरच्या त्या व्यक्तीलाही कळवा. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त तपासा. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात, तपासणी आणि औषधं फुकट मिळतात, कुठे जायचं कळत नसेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, तोही फुकट आहे. तिला कसं सांगायचं हे जमत नसेल तर तिला घेऊन डॉक्टरांकडे या, आम्ही मदत करतो.

प्रश्न: लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स (पू-पेशी) 15-20, पण कल्चरमध्ये काहीच आलं नाही. जळजळ आहेच. बॉयफ्रेंड म्हणतो मग हे इन्फेक्शनच नाही.

उत्तर: असं नाही म्हणता येत. साध्या कल्चरमध्ये क्लॅमिडिया वाढतच नाही, त्यासाठी पीसीआर पद्धतीची वेगळी टेस्ट लागते. आधीच अँटिबायोटिक घेतलं असेल तरी कल्चर कोरं येतं, तर ते आठवून डॉक्टरांना सांगा. रिपोर्ट येईपर्यंत संबंध टाळा आणि टेस्ट त्यालाही करायला लावा.

प्रश्न: जळजळ थांबायचं सिरप घेतलं, बरं वाटतंय. झालं ना?

उत्तर: त्या सिरपने लघवीची आम्लता कमी होते, बस. जंतू तसाच राहू शकतो. तपासणी बाकी आहे तुमची.