शेंगा चटणीने आतड्याला भोकं पडतात का?

नाही, सोलापुरी शेंगा चटणी-भाकरीने आतड्याला भोकं पडत नाहीत. ‘लीकी गट’ (गळकं आतडं) म्हणतात त्यातली गळती बहुतेक दोन पेशींमधल्या सांध्यांतून होते. मी इथे सोलापुरातच बीएस्सीला शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतोच. आतड्याच्या अस्तरात पेशींचा एकच थर. शेजारच्या पेशी वरच्या कडेला क्लॉडिन, ऑक्लुडिन या प्रथिनांनी जोडलेल्या असतात, पण आपल्या चादरीच्या विणीसारख्या: घट्ट, तरी पाझरणाऱ्या. क्लॉडिन-२ सोडियम आणि पाण्याला वाट देतं, क्लॉडिन-४ सोडियमला अडवतं. आतून झेडओ-१ हे प्रथिन हा सांधा अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांच्या कड्याशी बांधून ठेवतं. मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाने कडं आवळलं की बटव्याची नाडी ओढल्यासारखी पेशीची कड आत खेचली जाते आणि फट रुंदावते. जेवणानंतर ग्लुकोज शोषताना हे थोडंफार होतंच, तो आजार नव्हे. क्रोनच्या आजारात (आतड्याला दीर्घकाळ सूज येते तो) मात्र टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन हे आवळणं वाढवतं. अपवाद एकच सांगते: सीलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार असेल तर गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने सांधे खरंच सैल होतात. ज्वारीत ग्लूटेन नसतं, पण गिरणीत आधीचं दळण गव्हाचं नाही ना, एवढं विचारा.