बापाचं रक्त आणि पोराचा कंपास

प्रश्न : नणंदेचा मुलगा चार वर्षं आमच्याकडे आहे, आता आठ वर्षांचा झाला. त्याचा बाप चोरीच्या केसमध्ये नाशिकरोडच्या जेलमध्ये. परवा पोराने वर्गातल्या मुलाचा कंपास उचलून आणला. सासूबाई म्हणतात, ‘खाण तशी माती’. गुन्हेगारी खरंच रक्तात उतरते का?
– एक गृहिणी, पंचवटी

उत्तर : ताई, या म्हणीची परीक्षा डेन्मार्कमध्ये झाली आहे. तिथे दत्तक मुलांच्या आणि कोर्टाच्या नोंदी व्यवस्थित जपलेल्या असतात. मानसशास्त्रज्ञ सार्नॉफ मेडनिक आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली चौदा हजारांहून जास्त दत्तक मुलांच्या नोंदी ताडून पाहिल्या. जन्मदाते आणि सांभाळणारे, दोघांकडेही शिक्षेची नोंद नव्हती, तिथे १३.५ टक्के मुलगे पुढे दोषी ठरले. फक्त सांभाळणाऱ्यांकडे नोंद असेल तर १४.७, फक्त जन्मदात्यांकडे असेल तर २० आणि दोन्हीकडे असेल तर २४.५ टक्के. म्हणजे काहीतरी उतरतं, हे खरं. पण तोच आकडा उलटा वाचा : जन्मदात्याला शिक्षा झालेली असूनही शंभरातले ऐंशी मुलगे दोषी ठरले नाहीत. शिवाय हा धागा चोरीसारख्या गुन्ह्यांत दिसला, मारहाणीच्या गुन्ह्यांत नाही.

उतरते ती चोरी नव्हे. उतरतो तो उतावळेपणा, भीती कमी वाटणं, शिक्षेतून लवकर न शिकणं. असला मुलगा चांगल्या घरात पडला तर कबड्डीत चमकूही शकतो. ‘एमएओए’ नावाच्या जनुकाची फार चर्चा होते. मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं विकर (एन्झाइम) त्यावरून बनतं. न्यूझीलंडमधल्या डनेडिन गावच्या मुलग्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात हे विकर कमी होतं आणि लहानपणी छळही झाला होता, असे मुलगे १२ टक्के होते. हिंसक गुन्ह्यांच्या ४४ टक्के शिक्षा त्यांच्या नावावर होत्या. नुसत्या जनुकाने हे घडलं नव्हतं, छळाची जोड लागली.

म्हणून कंपासाचं असं करा. आता आणखी दिवस न घालवता त्याच्याच हाताने परत द्यायला लावा. तुम्ही सोबत उभ्या राहा, बोलू त्याला द्या. शिक्षा लहान आणि लगेच हवी : एक दिवस सायकल बंद, बस्स. आठवडाभर अबोला धरला तर कशाबद्दल धरलाय हेच पोर विसरतं. आणि ‘बापावर गेलास’ हे वाक्य घरात कोणीही उच्चारायचं नाही, सासूबाईंनीसुद्धा. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर ‘जन्मजात गुन्हेगार’ असा शिक्का मारला. कायदा १९५२ साली गेला, तरी विमुक्तांच्या वस्तीवर आजही पहिला संशय जातो.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत. सहा महिन्यांपासून कोयता हातात घेऊन रील काढणाऱ्या पोरांत फिरतो, शाळा बुडवतो. मित्र म्हणतात, एकदा जेल दाखवून आणा, सरळ होईल.
– एक पालक, सिडको

उत्तर : जेल दाखवू नका. अमेरिकेत अशा भेटींचे कार्यक्रम वर्षानुवर्षं चालले. तपासलं तेव्हा भेटीला गेलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्तच गुन्हे केले होते. पोरांना तिथे धाक बसण्याऐवजी नवे ‘भाई’ भेटतात.

आधी सुरुवात कधी झाली ते आठवा. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ साली पोरं बिघडण्याच्या दोन वाटा वेगळ्या दाखवल्या : काहींची लक्षणं बालपणीच सुरू होऊन टिकतात, बहुतेकांची मिसरूड फुटताना सुरू होऊन विशीत ओसरतात. डॉक्टर ज्याला वर्तनविकृती म्हणतात, तिच्या यादीत पंधरा लक्षणं आहेत. वर्षभरात त्यांतली तीन तरी दिसावी लागतात आणि एक तरी गेल्या सहा महिन्यांतलं असावं लागतं. शाळा बुडवणं त्यात मोजतात, पण तेराव्या वर्षाआधी सुरू झालं असेल तरच. दहा वर्षांच्या आत मुक्या जनावरांना छळणं किंवा आगी लावणं होतं का? असेल तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. डोक्याला मार, झोप, नशा यांबद्दल आपणहून सांगा. वर्गशिक्षकांना एकटं भेटा. मुलासमोर विचारलं की शिक्षक सांभाळून बोलतात आणि खरं कळत नाही. पहिला सल्ला फोनवर हवा असेल तर १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन मोफत आहे.

कोयत्याचं मात्र आजच. रीलपुरता धरला तरी पोलिस हत्यार कायद्याखाली गुन्हा नोंदवू शकतात. मग मुलगा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणून बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो.

प्रश्न : मेंदूचा स्कॅन काढून गुन्हेगार ओळखता येतो का?
– एक विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : नाही. गुन्हेगारांच्या गटाची सरासरी वेगळी दिसते. समोरच्या एका माणसाबद्दल तेवढ्यावरून निकाल देता येत नाही. ब्रेन मॅपिंग, नार्को, पॉलिग्राफ यांतलं काहीही संमतीशिवाय करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा सेल्वी निकाल आहे. आरोपी कोर्टात घेतो तो वेडाचा बचाव भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये येतो (जुन्या दंड संहितेतलं कलम ८४), आणि तिथेही प्रश्न एवढाच : त्या क्षणी मनोविकारामुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे त्याला कळण्याची क्षमता होती का.