टेम्पलर नाइट्सची केस कोणी लढली?

प्रश्न: सर, मी ठाण्यात लॉ करतेय, सेकंड इयरला आहे. टेम्पलर नाइट्सवर १३०७ मध्ये खटला झाला एवढंच माहितीय. या लढणाऱ्या लोकांकडे वकील होते का, की त्यांची बाजू कोणी मांडलीच नाही?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: होते ना, आणि एक तर फार जिगरबाज होता.

टेम्पलर म्हणजे धर्मासाठी लढणाऱ्या ख्रिस्ती नाइट्सचा संघ, आणि मुळात अशा संघांचं अर्धं बळ कागदावर होतं. ११३९ साली पोपने टेम्पलरांना सनद दिली, ते थेट पोपच्या हाताखाली आले, स्वतःचे पाद्री ठेवायची मुभा मिळाली, चर्चला द्यायचा दशांश माफ. साहजिकच गावोगावचे बिशप चिडले कारण उत्पन्न त्यांचं बुडत होतं, मग तंटे सुरू, आणि तिथे तलवार काय कामाची? म्हणून पोपच्या दरबारात टेम्पलरांचा एक मुखत्यार असायचा. ट्युटॉनिक नाइट्स या अशाच जर्मन संघाचाही असायचा.

१३ ऑक्टोबर १३०७ ला फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने देशभर एकदम धरपकड केली. राजाच्या बाजूने सगळं हलवणारा नोगारे हा आधी माँपेलियेला कायद्याचा प्रोफेसर होता. छळ करून पाखंडाच्या, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या कबुल्या घेतल्या, त्यात संघाचा प्रमुख जाक द मोले पण आला. पुढे पोपने नेमलेल्या चौकशी कमिशनसमोर हाच मोले म्हणाला की मी गरीब, न शिकलेला नाइट आहे.

मग मार्च १३१० मध्ये पॅरिसला बिशपच्या बागेत पाचशेच्या वर कैदी आणले, आरोप लॅटिनमध्ये वाचले, आता फ्रेंचमध्ये वाचू का विचारलं तर ते म्हणाले नको, ही घाण परत ऐकायची नाही. तिथून चौघं बाजू मांडायला पुढे आले. त्यातला बोलोन्याचा पिएत्रो म्हणजे संघाचा पोपकडचा मुखत्यार, स्वतः पाद्री. त्याचा मुद्दा बघ, फ्रान्सच्या बाहेर एकही टेम्पलर हे खोटं कबूल करत नाही, मग फ्रान्समध्येच का करतात? कारण इथे छळ झालाय. माझ्या मते आजही कुठल्या कोर्टात उभा राहील असा युक्तिवाद आहे.

पण कायद्यातच सापळा होता. आपल्याकडे पोलिसासमोरची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही हे तू शिकली असशीलच. तिथे उलटं, एकदा पाखंड कबूल केलं आणि नंतर जबाब फिरवला की तो परत पाखंडात पडला असं धरायचे आणि त्याला शिक्षा जाळण्याची. म्हणजे संघाची बाजू घ्यायला जो उभा राहील तोच मरणार. १० मे ला पिएत्रो आणि बाकीचे कमिशनकडे धावले की सान्सचा आर्चबिशप आमच्या माणसांना जाळणार आहे, थांबवा. काही झालं नाही, १२ मे ला ५४ जणांना पॅरिसबाहेर जाळलं.

पुढे पिएत्रो दिसेनासाच झाला, कमिशनला सांगितलं की तो जेल फोडून पळाला. चौघांपैकी नाइट असलेले दोघे म्हणाले, आम्ही अडाणी माणसं, पिएत्रोशिवाय केस कशी चालवणार, आणि बचाव तिथेच संपला. मला हे वाचताना खरंच वाईट वाटतं.

एक गोष्ट लॉवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. १३१२ मध्ये पोप पाचवा क्लेमेंट याने संघ बंद केला तो दोषी ठरवून नाही, निकाल न देता स्वतःच्या अधिकारात हुकूम काढून केला, आणि बरीचशी मालमत्ता हॉस्पिटलर या नाइट्सच्याच दुसऱ्या संघाच्या नावावर केली.