स्वित्झर्लंडसारखा छोटा डोंगराळ देश दरडी आणि हिमस्खलनापासून माणसं कशी वाचवतो? केवळ पैसा आहे म्हणून?

पैसा आहेच. पण त्याच्या कितीतरी आधी इथे एक गोष्ट ठरली: घर कुठे बांधायचं नाही. मी ग्राउब्युंडेन या डोंगराळ कँटनमध्ये, म्हणजे प्रांतात, एका बांधकाम सल्लागार कार्यालयात काम करते. त्यामुळे या निर्णयाचे परिणाम जवळून बघायला मिळतात.

पुणे, सातारा आणि सोलापूर हे तीन जिल्हे एकत्र केले तर साधारण जेवढं क्षेत्र होईल, तेवढाच हा देश. त्यात सपाट जमीन थोडी, आणि डोंगराळ भागात ती बऱ्याचदा ओढ्याच्या तोंडाशी. १३९७ साली आंडरमाट गावाने वरच्या उतारावरच्या जंगलात कुऱ्हाड चालवायला बंदी केली. सुटलेला बर्फ अडवायला दुसरं काहीच हाताशी नव्हतं. १८७६ मध्ये डोंगरी वनांसाठी देशाचा कायदा आला. आजचा श्रीमंत स्वित्झर्लंड यातल्या कुठल्याच काळात नव्हता. आजही देशातलं जवळपास निम्मं जंगल संरक्षक वन म्हणून राखलं जातं.

१९५०-५१ च्या हिवाळ्यात हिमस्खलनांत ९८ माणसं गेली. त्यानंतर गावागावांचे धोक्याचे नकाशे काढायला सुरुवात झाली. १९९१ च्या कायद्यांनी पूर, दरडी, हिमस्खलन या सगळ्यांसाठीच कँटनांना असे नकाशे करायला लावले. नकाशा गावाच्या विकास आराखड्यात उतरला की तो बंधनकारक होतो. लाल रंगाच्या जागेत नवीन घर नाही म्हणजे नाही. निळ्यात परवानगी मिळते, पण अटींवर: डोंगराकडची भिंत जाड काँक्रीटची, त्या बाजूला खिडक्या नाहीत, तळघराचं दार उंचावर. पिवळ्यात मालकाला धोक्याची कल्पना दिली जाते. लाल कशाला म्हणायचं याचंही माप ठरलेलं आहे. सरासरी ३०० वर्षांतून एकदा येणारं हिमस्खलन जर चौरस मीटरला ३ टनांहून जास्त दाब देणार असेल, तर ती जागा लाल. तीनशे वर्षं! आजोबा-पणजोबांनी 'इथे कधी काही झालं नाही' म्हटलेलं या हिशेबात टिकत नाही. आमच्याकडे कुठल्याही घराची फाईल आली की आधी हा नकाशा उघडतो. जमिनीचा भाव पडतो, भांडणं होतात, लोक कोर्टात जातात. तरी तेवढ्याने रंग बदलत नाही, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. रस्ता बंद करायचा की नाही, घरं रिकामी करायची की नाही, हे बरंचसं गावाच्या पातळीवरच ठरतं. फेब्रुवारी १९९९ मध्ये एवोलेन या डोंगरी गावात हिमस्खलनात १२ जण दगावले. तिथल्या नगराध्यक्षांना आणि सुरक्षा प्रमुखांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल न्यायालयाने दोषी धरलं. त्या निकालाबद्दल दोन मतं असू शकतात, पण आपल्या सहीचा जाब विचारला जाईल हे अधिकाऱ्यांना पक्कं कळलं.

विम्याचंही सांगते. २६ पैकी १९ कँटनांत घरांचा विमा सक्तीचा आहे आणि तो कँटनची सार्वजनिक संस्थाच उतरवते. नुकसानभरपाई तिलाच द्यायची असल्यामुळे नुकसान होऊच नये यासाठीही ती पैसे खर्च करते.

आता ब्लाटनबद्दल. लोट्शेनताल या दरीतलं हे सुमारे ३०० वस्तीचं गाव. मे २०२५ मध्ये वरच्या कड्यावरून बिर्श हिमनदीवर दगड कोसळायला लागले आणि त्या भाराने हिमनदी पुढे सरकू लागली. १९ मे रोजी सगळं गाव रिकामं केलं, जनावरांसकट. लंगडणारी एक गाय हेलिकॉप्टरने उचलून नेली. २८ मे रोजी हिमनदी कोसळली आणि सुमारे ९० टक्के गाव बर्फ, दगड आणि चिखलाखाली गेलं. नदी तुंबली आणि उरलेल्या घरांतही पाणी शिरलं. एका माणसाचा मृत्यू झाला. मधल्या नऊ दिवसांत काहीही न होता लोक परतले असते, असंही घडू शकलं असतं. तरीही ते निघाले. 'उगाच हलवलं' असं म्हणायची पाळी आली तरी चालेल, ही तयारी गावात असावी लागते आणि ती एका दिवसात येत नाही.

सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. २०१७ मध्ये बोंडो गावाजवळ पित्झ चेंगालो या शिखराचा कडा कोसळला. गाव वेळेत रिकामं झालं, पण वरच्या दरीत आठ गिर्यारोहक गेले. गोठलेला डोंगर आतून वितळतोय, त्यामुळे जुन्या नोंदींवर काढलेले नकाशे पुन्हा तपासावे लागताहेत. आणि भूकंप बहुतेक घरांच्या विम्यात धरलेलाच नाही. १३५६ मध्ये बासेल शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं होतं, तरीही. ही उघडी राहिलेली बाजू मला खरोखर काळजीची वाटते.

आपल्याकडे हे जमेल का, हाही प्रश्न येतोच. रडार आणि पोलादी जाळ्या नंतर बघू. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वस्ती दरडीखाली गाडली गेली. तिचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं, असं सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. म्हणजे सुरुवात यादीपासूनच करावी लागेल: तालुक्याचा ढोबळ नकाशा नको, वाडीनिहाय आणि सर्व्हे नंबरनिहाय हवा. आणि जिथे लाल रंग येईल तिथल्या लोकांसाठी जागा जवळपासच शोधावी लागेल. शेत आणि रान सोडून ठाकर वाडीने लांब का जावं? ब्लाटनच्या लोकांनाही गाव त्याच दरीत पुन्हा उभं करायचंय.