कावीळ उतरेना, गाठ मात्र साधी

प्रश्न : बाबांची कावीळ महिनाभर झाडपाल्यानेही उतरली नाही. पित्तनलिकेत गाठ निघाली. गाठीचा तुकडा तपासला, त्यात कॅन्सर नाही. मग ऑपरेशन कशाला?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : गाठ साधी असली तरी वाट अडवतेच. पित्त आतड्यात उतरत नाही, म्हणून संडास पांढुरकी, लघवी गडद आणि अंगभर खाज. इथे झाडपाला काय करणार? अ‍ॅडिनोमा, पॅपिलोमा अशा साध्या गाठी दुर्मीळच. पण दुर्बिणीतून मिळणारा तुकडा इवलासा, त्यात कॅन्सर निसटू शकतो. पूर्ण गाठ काढून तपासलेली बरी. स्टेंट (पित्तनलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) तात्पुरता, प्लास्टिकचा साधारण ३ महिन्यांत तुंबतो. ऑपरेशनआधी पीटी-आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी कराच : पित्ताविना व्हिटॅमिन के शोषले जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो. थंडी वाजून ताप आला, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. १०८ला फोन लावा.