गेटला कुलूप लागलंय? फीच्या आधी भावाचा रेकॉर्ड बाहेर काढा

ताई, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. भाऊ खासगी आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला, गेटला कुलूप, त्यावर बँकेची नोटीस, संस्थाचालकांचे फोन बंद. माझ्या मुलाच्या वेळी अगदी हेच झालं होतं. तुम्ही फी परत कशी मिळेल ते विचारलंय. माझं स्पष्ट मत सांगतो, फीचं नंतर बघा. आधी हजेरीपट आणि प्रॅक्टिकलचे गुण हातात आले पाहिजेत. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते आणि तिचा पुरावा त्या कुलपाआड आहे.

आमची संस्था भांडुपला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होती. सुरुवातीला खरंच चांगली चालली. आसपासच्या कारखान्यांतले निवृत्त फोरमन शिकवायचे, पोरं तिथेच चिकटायची. कारखाने मुंबईबाहेर गेले, प्रवेश घटले आणि त्यातच चालकांनी कर्ज काढून दुसरी शाखा उघडली. नव्या बॅचच्या फीतून जुने हप्ते जायला लागले, सरांचे पगार थकले.

पण आम्हाला खरं रडवलं ते एका सरकारी कार्यालयाने, नाव घेत नाही. मुलांना दुसऱ्या आयटीआयमध्ये सामावून घ्या, एवढंच मागणं होतं. उत्तर ठरलेलं, "प्राचार्यांचं लेटरहेडवर पत्र आणा." अहो, संस्थाच बंद आहे तर प्राचार्य आणायचे कुठून? साहेब मीटिंगला, साहेब मंत्रालयात, फाइल दुसऱ्या टेबलावर. अर्ज ठेवून घ्यायचे, पोच मात्र द्यायचे नाहीत. या सगळ्यात परीक्षेच्या फॉर्मची मुदत निघून गेली. रेल्वेच्या अप्रेंटिसशिपला खुल्या गटासाठी वयाची अट 24, तिथे हे वर्ष कोण भरून देणार? अजून आठवलं की संताप होतो.

म्हणून तोंडी काही बोलू नका. अर्ज आवक विभागात द्या, तुमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. नाहीच घेतला तर स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारा की संस्थेची संलग्नता कधीपर्यंत होती आणि मुलांबाबत काय कार्यवाही केली. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता बँकेचं. नोटिशीखाली प्राधिकृत अधिकाऱ्याची सही असते, त्यांनाच लिहा. कर्ज संस्थेचं आहे, आत अडकलेली कागदपत्रं मुलांची. आमच्याकडे पंचनाम्याच्या दिवशी बँकेच्या माणसांसमोर गोदरेजचं कपाट उघडलं, तेव्हा हजेरीपटांचे गठ्ठे निघाले, पोरांचे दहावीचे ओरिजिनलसुद्धा.

ग्राहक आयोगात जा असं सगळे सांगतील. मी वकील नाही, पण 2020 मध्ये राष्ट्रीय आयोगाने शिक्षणसंस्था, व्यवसाय अभ्यासक्रम धरून, ग्राहक कायद्याबाहेर ठेवल्या आहेत. कोचिंग क्लास मात्र त्यात येतात. वकिलाला विचारल्याशिवाय तिथे पैसे घालू नका.

बॅचमधल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन एकच अर्ज करा. बँकेच्या पत्राचा मसुदा हवा असेल तर नोटिशीचा फोटो मेसेजमध्ये पाठवा, मी करून देतो.